क्रॅनबेरी म्हणजे करवंद नव्हे!

अर्जुनी मोरगावकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लघवीचा जंतुसंसर्ग वरचेवर होतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना क्रॅनबेरी सुचवली. दुकानदार म्हणाला, "विलायती करवंदच त होय जी!" तर मराठीत करवंदच म्हणायचं का, आणि गावचं करवंद चालेल का?

नाही म्हणायचं. हे 'विलायती करवंद' ऐकून कान किटले. करवंद तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, बोटं चिकटतात. ते कण्हेरीच्या कुळातलं आणि नाव संस्कृत 'करमर्द'वरून आलेलं. क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेच्या दलदलीत जमिनीलगत पसरते. फळ कापलं तर आत हवेचे चार कप्पे, म्हणून काढणीला मळ्यात पाणी सोडतात नि फळं वर तरंगतात. 'बोर'चंच 'बेरी' झालं म्हणणाऱ्यांनीही आता थांबावं. बोर 'बदर'पासून आलं, बेरी जर्मन गोतावळ्यातली.

खरी मजा 'क्रॅन'मध्ये आहे. उत्तर जर्मनीच्या बोलीतला 'क्रान' म्हणजे इंग्रजीतला क्रेन पक्षी, आपल्या सारसाचा भाऊबंद. क्रॅनबेरीच्या फुलाच्या पाकळ्या पार मागे वळतात, पुंकेसर चोचीसारखे पुढे येतात आणि बारीक देठ मानेसारखा वाकतो, म्हणून क्रेनचं नाव मिळालं असं मानतात. क्रेन ही फळं खातात म्हणून नाव पडलं, असं काही जाणकार लिहितात. त्यांनी फूल पाहिलेलंच नाही! शिवाय 'क्रान' हा शब्द पक्ष्याच्या ओरडण्यातून आला, आणि कोल्ह्याच्या गोष्टीतला आपला 'करकोचा'ही तसाच आला, हे माझं ठाम मत. ताई, गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी ओरडते तेव्हा कान देऊन ऐका, तो 'क्र' तिथेच सापडेल. म्हणून मराठी नाव हवंच असेल तर 'करकोचबोर' म्हणा.

हां, औषधाचं राहिलं. यातली प्रोअँथोसायनिडिन द्रव्यं ई. कोलाय जंतूंना मूत्रमार्गाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३च्या आढाव्यानुसार, ज्या बायकांना हा त्रास पुन्हापुन्हा होतो त्यांच्यात तो उलटण्याचं प्रमाण घटतं. झालेला संसर्ग मात्र याने बरा होत नाही, आणि ते अभ्यास करवंदाला लागू नाहीत. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन हे औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुकवलेल्या फळांचं पाकीट उलटून बघा, साखर किती घातलीय ते कळेल. फळ इतकं आंबट की अमेरिकेतही टर्कीच्या मांसासोबतची चटणी साखरेत शिजवूनच करतात.

नुसती आंबट-लाल चव हवी असेल तर लाल अंबाडीच्या बोंडांची गूळ घालून चटणी करा. इंग्रजीत तिलाही 'फ्लोरिडा क्रॅनबेरी' म्हणतात. तेही चूकच.