'साधा फ्लू आहे' म्हणणाऱ्या नवऱ्याला काय सांगायचं?

मी समुपदेशन करते, आणि पावसाळा लागला की आणि परत जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे एकच तक्रार येते. बाई खानापूरची असो, निपाणीची असो नाहीतर इथली बेळगावातल्या शहापूर-वडगावची, बोलणं तेच. "मॅडम, घरात ऐकतच नाहीत ओ. ताप अंगावर काढतात, खोकत हिंडतात, काय बोललं की साधा फ्लू आहे म्हणतात, तू उगीच घाबरतीस म्हणतात." कोरोना भरात होता तेव्हा तर हे रोजचंच होतं आणि आता कोरोना मागे पडला तरी तक्रार तशीच आहे, म्हणून एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

जानेवारी 2022. ओमिक्रॉनची लाट. देशातले पहिले दोन पेशंट 2 डिसेंबरला आपल्या कर्नाटकातच सापडले होते आणि 'हा सौम्य आहे' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. बेळगावजवळच्या एका गावातली ही बाई, मिस्टर उद्यमबागच्या कारखान्यात लेथ मशीनवर, घरात मामा म्हणजे सासरे, त्यांना शुगर, दोन पोरं, आणि बाळंतपणाला आलेली नणंद. आत्या म्हणजे सासूबाई मे 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत गेल्या. आणि एवढं होऊनसुद्धा मिस्टर ताप असताना इंजेक्शन मारून शिफ्टला जायचे, संध्याकाळी येऊन मामांच्या शेजारी बसून जेवायचे.

पहिल्यांदा ती एकटीच आली. तिने सगळी माहिती पाठ केली होती. साध्या मोसमी फ्लूनेसुद्धा जगात दरवर्षी 2.9 ते 6.5 लाख माणसं जातात हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज तिला माहीत होता, गरोदर बाईला आणि शुगरवाल्याला फ्लू जड जातो हे माहीत होतं, आपले खासदार सुरेश अंगडी सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनाने गेले तेही तिने नवऱ्याला ऐकवून झालं होतं. म्हणाली, "त्यांना सांगून सांगून जीव दमला. उलट जास्तच चिडतात."

मी तिला म्हटलं, आठवडाभर एक पण आकडा सांगू नकोस. आणि त्यांना माझ्याकडे पाठव, पण 'तुम्हाला समजावायला' म्हणून नको, 'मला भीती वाटती, मॅडमना तुमच्याशी बोलायचंय' म्हणून.

आले. हाताची घडी घालून बसले.

"थंडीताप दरवर्षी येतंय, जातंय मॅडम. घाम आला की उतरतंय. ह्यात काय नवीन आहे?"

"टेस्ट केली होती कधी?"

"केली की. सांगलीला लग्नाला गेलतो, कोगनोळी नाक्यावर रिपोर्ट मागत होते म्हणून."

हे मी तेव्हा खूप जणांकडून ऐकलं. आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या लोकांना टेस्ट म्हणजे नाक्यावर दाखवायचा कागद होऊन बसली होती, तिचा आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी संबंध आहे हे कुठेतरी मागेच राहिलं. खरं तर फ्लू आणि कोरोना नुसत्या लक्षणांवरून वेगळे ओळखताच येत नाहीत, ताप, खोकला, अंगदुखी, घसा सगळं सारखंच. 'फ्लूच आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याला टेस्ट केल्याशिवाय ते कळायला काही मार्गच नव्हता.

पण हे मी त्यांना बोलले नाही. विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो?"

"ही पोरांना माझ्यापासून बाजूला ओढती त्याचा. मला काय महारोग झालाय?"

एक खाडा पडला की किती कापतात, ओटी म्हणजे ओव्हरटाइम कसा जातो, सुपरवायझर काय बोलतो हे सगळं त्यांनी सांगितलं आणि मी ऐकत राहिले. हे खरंच होतं, हातावर पोट असलेल्या माणसाला 'घरी बस' म्हणणं सोपं नाही. पण मला वाटत होतं की पैशाच्या खाली अजून काहीतरी आहे, कारण रविवारीसुद्धा, शिफ्ट नसताना, हे गृहस्थ मास्क लावायला तयार नव्हते.

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, "बायको 'मास्क लावा' म्हणाली की पहिलं काय आठवतं?"

बराच वेळ गप्प. मीही काही बोलले नाही. अशा वेळी मध्ये बोलू नये हे मी ह्या कामात शिकले आहे, आणि माझ्याकडे काही खास असेल तर ते हे गप्प बसणंच आहे असं मला वाटतं.

मग खाली बघूनच म्हणाले, "आई."

परत गप्प.

"आईच्या आधी मला ताप होता. दोनच दिवस. मी कामाला पण गेलतो. मग आईला आला." आणि मग ते वाक्य, जे मी अजून विसरले नाही. "हा आजार मोठा आहे असं मी म्हटलं, तर मग आईला कुणी दिला ते पण म्हणावं लागंल की मॅडम."

सगळा उलगडा इथे झाला. हा माणूस बेफिकीर नव्हताच. 'साधा आहे' ह्या दोन शब्दांवर त्याने स्वतःला कसंबसं उभं ठेवलं होतं, आणि घरातले सगळे मिळून तेच दोन शब्द त्याच्याकडून काढून घ्यायला बघत होते. मग तो चिडणार नाही तर काय करेल? मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते, त्यात आमचं म्हणणं असं की घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीबद्दल माणूस मनात जे वाक्य घोकत असतो ते त्याला जास्त छळतं. ते वाक्य सापडलं की निम्मं काम झालं. ह्यांचं वाक्य होतं, 'मी आईला मारलं.'

मी लगेच 'तसं नाही हो' म्हटलं नाही. लोक घाईने धीर देतात आणि समोरचं माणूस परत मिटून जातं. ते रडले, रडू दिलं. मग एकेक गोष्ट बघितली. त्या मे महिन्यात घरातून आत-बाहेर कोण कोण करत होतं? चौघं. आत्या स्वतः रेशनला गेल्या होत्या. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, फ्लूत साधारण एक दिवस आधी, कोरोनात दोन दिवस आधीसुद्धा. मग कुणाकडून कुणाला गेला हे कुठला डॉक्टर सांगू शकेल? "सांगता येत नाही," ते स्वतःच म्हणाले. त्यांच्याकडून गेलाच नाही असं मी म्हटलं नाही, ते खोटं झालं असतं. पण न कळता घडलेलं आणि मुद्दाम केलेलं ह्यात फरक आहे, एवढं त्यांना पटलं.

आणि मग नवीन वाक्य त्यांनीच तयार केलं, मी फक्त शब्द नीट लावून दिले. "मला साधा असंल, पण मामांना न् बहिणीला नसंल." वडिलांना ते बायकोसारखंच मामा म्हणाले, एवढे त्या घरात मिसळून विचार करत होते!

मामांनी मात्र मला चकित केलं. पुढच्या वेळी सोबत आले आणि म्हणाले, "आमचा आजा सांगायचा, प्लेगात अख्खं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. त्यांना कोण भित्रं म्हणालं नाही." मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने माझ्या दहा वाक्यांचं काम केलं. बाजूला झोपणं म्हणजे वाळीत टाकणं नाही, आपल्या वाडवडिलांनी शहाणपणाने केलेली गोष्ट आहे, हे बापाच्या तोंडून आलं.

घरचा नियम त्यांनाच करायला लावला. ज्याला ताप, तो सोप्यात म्हणजे बाहेरच्या खोलीत झोपणार, खिडकी उघडी, मास्क, ताट-तांब्या वेगळा. कोरोना असताना टेस्ट पहिल्याच दिवशी. सुपरवायझरला रात्रीच फोन, सकाळी नाही. इंजेक्शन मारून शिफ्ट बंद. दरवर्षीची फ्लूची लस मामांना आणि डॉक्टरना विचारून नणंदेला, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलतात, गेल्या वर्षीची पुरत नाही. लस घेऊनही ताप येऊ शकतो, पण आजार बळावण्याची भीती कमी होते.

तर ज्या बायका मला विचारतात 'आमच्या ह्यांना काय सांगू', त्यांना माझं म्हणणं असं की आधी सांगू नका, विचारा. हा आजार मोठा मानला तर त्यांचं काय जाणार आहे? कुणाचा पगार जातो, कुणाचा मर्दपणा, कुणाला दवाखान्याचं बिल दिसतं, कुणाला गेलेलं माणूस. ते कळल्याशिवाय व्हॉट्सॲपवरची माहिती ढकलून काही होत नाही. 'तुम्हाला काही होईल' पेक्षा 'तुमच्यामुळे मामा सुरक्षित राहतील' हे लवकर आत जातं, माणसाला काम दिलं की तो भांडत नाही. आणि ॲन्टिबायोटिकचा हट्ट धरू नका, विषाणूवर ती चालत नाही. फ्लूचं औषध असतं पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी, म्हणून म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान बाळ, दमा-शुगर-हार्टवाला असेल तर 'बघू उद्या' करत बसायचं नाही, डॉक्टरना लगेच विचारायचं.

बाकी कुणालाही धाप लागली, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलायला लागलं, ऑक्सिजन 94 च्या खाली गेला किंवा उतरलेला ताप परत चढला, तर त्या वेळी नवऱ्याला पटवत बसू नका, शेजारच्याची गाडी घेऊन सरळ दवाखाना गाठा, त्याच्या मनातलं आपण नंतर बघू.