डायलिसिस सुरू झाल्यावर माणसाची जगण्याची उमेद कशी टिकवायची?

तुम्ही लिहिलंय की डायलिसिस सुरू झाल्यावर बाबांचं किराणा दुकान काकांकडे दिलं, बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात आणि तुम्ही त्यांना मोबाईलवर प्रेरणादायी व्हिडिओ दाखवता. व्हिडिओ आधी बंद करा. दुकान काढून घेताना बाबांना विचारलं होतं का?

एवढं तोडून बोलतेय, कारण आमच्या घरी हेच झालं. कऱ्हाडला माझं ब्लाऊज शिवायचं काम आहे. माझ्या किडन्या गेल्याचं कळलं तसे मोठे दीर आले आणि ह्यांना म्हणाले, "मशीन विकून टाक. अजून किती दिवस आहेत? तेवढे आरामात जाऊ देत." मी आतल्या खोलीत होते. मला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

माझा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायची जागा, डाव्या हातात आहे. धमनी आणि शीर जोडतात, ती फुगून तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर मऊ चेंडू दाबत बसायचं. त्यावर बोट ठेवलं की आत शिलाई मशीन चालल्यासारखी थरथर लागते. सकाळी उठल्यावर मी आधी ती बघते. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर बीपी मोजू द्यायचा नाही, सलाईन लावू द्यायचं नाही. दिरांनी हेच धरून ठेवलं, "हातच गेला, शिवणार कशाने?" अहो, सुईखाली कापड सरकवायला कसला आलाय जोर! डायलिसिसच्या दिवशी मी शिवत नाही, चार तासांनी माणूस पार गळून जातो. पण सुया डाव्या हातात असतात, उजवा मोकळा असतो. पलंगावर पडल्या पडल्या मी मापांची वही बघते, गिऱ्हाइकांना फोन करते. कटिंग दुसऱ्या दिवशी.

पाण्याचं पथ्यही मला कामानेच पाळायला लावलं. पाणी जास्त प्यायलं की दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत वजन चढतं. ते सगळं पाणी मशीनने एका दमात ओढलं की पायात गोळे येतात, बीपी पडतो, पुढचा दिवस अंथरुणात जातो. दुसऱ्या दिवशी नवरी मुलगी माप द्यायला येणार असली की तांब्याकडे हात जात नाही. नुसतं "पॉझिटिव्ह राहा" म्हणून तहान मारता येत नाही.

कायमच्या डायलिसिसवर गेलेला पहिला माणूस म्हणून क्लाइड शिल्ड्सचं नाव घेतात. अमेरिकेत सिअॅटलचा, यंत्रावर काम करणारा कामगार. 1960 साली सुरू झालं, त्या काळच्या साधनांवर तो 11 वर्षं जगला. दिवस मोजणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवा. आमच्या दिरांना मी ऐकवलंय. त्यांच्या मुलीच्या लग्नातले ब्लाऊज मीच शिवले, पूर्ण शिलाई घेऊन.

तर बाबांना उधारीची वही परत द्या. होलसेलवाल्याशी भाव त्यांनी ठरवू दे, पोती काका उचलतील. गल्ल्याजवळ फरसाण, खारे दाणे मात्र ठेवू नका. आणि भेटायला येणारा प्रत्येकजण नारळपाणी आणतो, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, ते अंगात वाढलं तर हृदयावर बेततं.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं. बाबा पडून असतात ते कदाचित हिमोग्लोबिन उतरल्यामुळेही असेल. तपासून घ्या, त्यावर इंजेक्शनं असतात. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, डायलिसिसला जायचं नाही म्हणत असतील किंवा मरणाची भाषा करत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे दुकान पुरणार नाही. किडनीच्या डॉक्टरांना लगेच सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. खर्चाची ओढाताण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला भेटा.

काकांशी दुकानाचं बोलणं करायचं ते बाबांसमोर करा, त्यांच्या माघारी नको.