‘मागणी घटली’ म्हणजे नेमकं काय घटलं?

प्रश्न असा आहे: ‘किंमत वाढली की मागणी घटते, हा मागणीचा नियम. मागणी घटली की किंमत उतरते, असंही सगळे म्हणतात. मग वाढलेली किंमत लगेच खाली यायला हवी, काहीच महाग व्हायला नको. यात चूक कुठे आहे? आणि पाठ्यपुस्तकात मागणीचा ‘संकोच’ आणि मागणीतला ‘ऱ्हास’ असे दोन वेगळे शब्द कशाला?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यातच आहे. त्या दोन वाक्यांमध्ये ‘मागणी’ हा शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत.

बोलताना आपण ‘मागणी’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक आकडा असतो: इतके नग खपले. अर्थशास्त्रात मात्र मागणी म्हणजे अख्खं कोष्टक. किंमत 10 असेल तर 100 नग घेऊ, 12 झाली तर 90, 8 झाली तर 115, अशी ती पूर्ण यादी. त्या यादीतल्या एका ओळीतल्या आकड्याला ‘मागणीची नगसंख्या’ किंवा ‘मागितलेलं प्रमाण’ म्हणणं बरं.

आता किंमत 10 वरून 12 झाली आणि खप 100 वरून 90 वर आला. कोष्टक तेच आहे, फक्त आपण त्याच्या दुसऱ्या ओळीवर गेलो. आलेखात बोलायचं तर त्याच मागणी वक्रावर वर सरकलो. याला म्हणायचं मागणीचा संकोच. उलट दिशेला विस्तार. दोन्ही मिळून मागणीतलं ‘विचलन’.

किंमत 10 च राहिली, पण लोकांचं उत्पन्न घटलं, आवड बदलली किंवा पर्यायी वस्तू स्वस्त झाली, आणि 100 ऐवजी 80 नग खपू लागले, तर कोष्टकच बदललं. आता 12 ला 90 नव्हे, समजा 70 च जातील. अख्खा वक्र डावीकडे सरकतो. हा मागणीतला ऱ्हास. उजवीकडे सरकला तर वृद्धी. हे मागणीतले ‘बदल’.

पहिल्या वाक्यातली घट हा संकोच आहे आणि दुसऱ्यातली ऱ्हास. किंमत वाढण्याने संकोच होतो. किंमत उतरवायला लागतो ऱ्हास. दोन्हींना ‘घट’ म्हटलं की कोड्याचं चाक फिरत राहतं.

शब्दांची निवड चांगली आहे, फक्त त्यांचे रोजचे अर्थ आड येतात. ‘संकोच’ म्हटलं की आपल्याला भिडस्तपणा आठवतो, पण संस्कृतातला मूळ अर्थ आकुंचन. जे आकसतं ते तेच राहतं, फक्त लहान होतं. एकाच वक्रावरच्या हालचालीला शब्द चपखल बसतो. ‘ऱ्हास’ला मराठीत अधोगतीचा वास आहे. इथे तो अजिबात घ्यायचा नाही, निव्वळ घट समजायची.

सर्वांत जास्त गैरसमज मात्र ‘कनिष्ठ वस्तू’ या शब्दाने होतो. ‘निकृष्ट वस्तू’ असंही लिहिलेलं आढळतं, आणि ते टाळावंच. निकृष्ट हा मालाच्या दर्जावर शेरा आहे. इथे दर्जाचा काही संबंध नाही. उत्पन्न वाढल्यावर जिची मागणी कमी होते ती कनिष्ठ वस्तू, एवढंच. उत्पन्न 10 टक्के वाढलं आणि मागणी 4 टक्के घटली तर उत्पन्न लवचिकता (मागणीतला टक्के बदल भागिले उत्पन्नातला टक्के बदल) उणे 0.4. हे चिन्ह उणे आलं की वस्तू कनिष्ठ, मग ती कितीही मजबूत असो. शिवाय हे लेबल वस्तूवर कायमचं चिकटत नाही. कमी उत्पन्नाच्या माणसासाठी सायकल सामान्य वस्तू (उत्पन्नाबरोबर जिची मागणी वाढते ती) असू शकते, उत्पन्न आणखी वाढल्यावर त्याच माणसासाठी कनिष्ठ.

याच ओघात ‘उत्पन्न वाढलं की अन्नाची मागणी घटते’ हे विधान खपवलं जातं. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल यांनी 1857 मध्ये मांडलेला नियम अन्नावरच्या खर्चाच्या वाट्याबद्दल आहे. वाटा घटतो, खर्च वाढलेलाच असतो. म्हणजे उत्पन्न लवचिकता शून्य आणि एक यांच्या मधली, उणे नव्हे.

किंमत बदलली की उत्पन्नही गुपचूप बदलतं, हे आणखी एक. समजा 10 दराने तुम्ही 20 नग घेता, खर्च 200. दर 8 झाला तर तेवढेच नग 160 ला येतात, 40 मोकळे झाले. पगार तोच, पण वास्तव उत्पन्न, म्हणजे त्या पगाराची खरेदीची ताकद, वाढलं. त्या 40 मुळे खरेदीत जो फरक पडतो तो उत्पन्न परिणाम; वस्तू इतरांच्या तुलनेत स्वस्त झाली म्हणून तिच्याकडे वळणं हा पर्यायता परिणाम. कनिष्ठ वस्तूत हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध ओढतात. बहुतेक वेळा पर्यायता परिणाम जिंकतो आणि मागणीचा नियम टिकतो. उत्पन्न परिणाम जिंकला तर ती गिफेन वस्तू: किंमत वाढल्यावर खरेदी वाढते. अर्थशास्त्रज्ञ मार्शल यांनी आपल्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथाच्या 1895 च्या आवृत्तीत संख्याशास्त्रज्ञ गिफेन यांचा हवाला देऊन पावाचं उदाहरण दिलं: पाव महागल्यावर गरीब कुटुंबांना मांसासारखं महाग अन्न सोडावं लागतं आणि पावच जास्त घ्यावा लागतो. मिरवण्यासाठी घेतलेल्या महाग वस्तूंना ‘गिफेन’ म्हणणं चूक. प्रत्येक गिफेन वस्तू कनिष्ठच असते, आणि मिरवायच्या वस्तू तशा नसतात.

किंमतीची ‘लवचिकता’ (मागितलेल्या प्रमाणातला टक्के बदल भागिले किंमतीतला टक्के बदल) काढताना टक्केवारीचा पाया हमखास घोटाळा करतो. वरच्याच कोष्टकात 10 वरून 12 म्हणजे 20 टक्के वाढ, 100 वरून 90 म्हणजे 10 टक्के घट, भागाकार 0.5. उलटे या: 12 वरून 10 म्हणजे 16.67 टक्के घट, 90 वरून 100 म्हणजे 11.11 टक्के वाढ, भागाकार 0.67. दोन टोकं तीच, उत्तरं दोन. म्हणून पाया दोन्हींची सरासरी घ्यावी, 11 आणि 95. मग दोन्ही दिशांनी उत्तर सुमारे 0.58 येतं. (खरं चिन्ह उणे, किंमत लवचिकतेत ते सहसा गाळतात. उत्पन्न लवचिकतेत आणि छेदक लवचिकतेत, म्हणजे दुसऱ्या वस्तूची किंमत बदलल्यावरच्या लवचिकतेत, गाळलं तर अर्थच जातो.) ताळा हवा असेल तर एकूण खर्च पाहा: आधी 1000, नंतर 1080. किंमत वाढून खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीक. इथेही ‘अलवचीक’ शब्द सैलपणे वापरतात. संपूर्ण अलवचीक म्हणजे किंमत 12 झाली तरी 100 चे 100 नग.

आणि हो, ‘लवचीक’मधला ‘ची’ दीर्घ, ‘लवचिकता’मधला ‘चि’ ऱ्हस्व.