उत्तर: बोर्ड बदलण्याआधी वायर बघा

तुम्ही विचारलंय की लाइट चालवायच्या एका छोट्या बोर्डावरून स्टेजवरचे सगळे लाइट वेगवेगळे कसे चालतात, आणि इंदूरला कॉलनीच्या गणेशोत्सवात एकांकिका करायची तर एलईडी पार (पार म्हणजे डब्यासारखा स्टेजचा लाइट) घ्यावेत की जुने, तार तापून उजळणारे हॅलोजन. शेवटी हळूच हेही विचारलंय की चांगला बोर्ड कितीला येतो. त्या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो.

बोर्ड प्रकाश देत नाही, आकडे पाठवतो. ० ते २५५ मधले आकडे, एका वायरवरून जास्तीत जास्त ५१२. यालाच डीएमएक्स-५१२ म्हणतात, १९८६ मध्ये अमेरिकेत ठरलेली पद्धत. त्याआधी प्रत्येक डिमरला, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला, स्वतंत्र वायर आणि तिच्यात ० ते १० व्होल्ट, असा जाडजूड कारभार असायचा. आता पंगत समजा. वाढपी पहिल्या पानापासून ५१२ व्या पानापर्यंत वाढत जातो आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पूर्ण पंगत सेकंदाला साधारण ४४ वेळा. लाइटच्या मागे जो पत्ता तुम्ही लावता, ते त्याचं पान. सात चॅनेलचा, म्हणजे सात आकडे घेणारा, पार १ वर लावला तर तो १ ते ७ घेतो, पुढचा ८ वर लावायचा, त्याच्या पुढचा १५ वर. दोघांना एकच पत्ता दिला तर दोघे एकसारखे चालतात, आणि बऱ्याचदा तेच हवं असतं.

यात एक गोम आहे. लाइटला आकडा नीट पोचला की नाही, हे साध्या डीएमएक्समध्ये बोर्डाला कळत नाही. आकडा वाटेत बिघडला तर तो तपासायची सोयही नाही. म्हणून हा मामला बोर्डापेक्षा वायरीचा जास्त आहे, आणि हेच मी आमच्या खजिनदारांना सांगून थकलो.

आमच्या कॉलनीत गणपतीत एकांकिका होते, लाइट माझ्याकडे. त्या वर्षीच्या एकांकिकेत शेवटी आजी ओसरीवर एकटी बसलेली, संवाद नाही, दीड मिनिटात संध्याकाळ होऊन अंधार पडतो. सगळं नाटक त्या दीड मिनिटासाठी लिहिलेलं. खजिनदारांनी लाइट ठरवले लग्नातल्या डीजेवाल्याकडून, कारण तो साउंडवर लाइट फुकट देत होता. त्याने माइकच्याच वायरी लाइटला जोडल्या. प्लग तीन पिनांचाच, बसतो. मी म्हटलं, भिया, ही वायर चालायची नाही. तो म्हणाला, "अंकल, सब जगह यही चलती है, शादी में भी।" लग्नात चालते हो, कारण तिथे लाइट फडफडला तर लोकांना तो इफेक्ट वाटतो.

तालमीला चार लाइट जवळजवळ होते, काही झालं नाही. प्रयोगाला वायर विंगेतून वर चढवून पार पलीकडच्या टोकापर्यंत नेली आणि आजीच्या तोंडावरचा अंबर, म्हणजे पिवळसर केशरी उजेड, मध्येच हिरवा झाला. मग परत अंबर. मग लखकन पांढरा. मागच्या रांगेतली पोरं हसली. प्रयोग संपल्यावर खजिनदार चारचौघांत म्हणाले, "काकांना आता नवीन मशीन झेपत नाही."

कारण साधं आहे. डीएमएक्सचे आकडे सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने जातात. त्यासाठी साधारण १२० ओहम इम्पीडन्सची (वेगवान सिग्नलला वायर करते तो विरोध) वायर लागते. माइकची वायर आवाजासाठी बनवलेली, तिच्यात हे आकडे धारदार राहत नाहीत, बोथट होतात. त्यात शेवटचा लाइट नुसता उघडा सोडला, तर सिग्नल टोकावर आपटून मागे येतो आणि पुढून येणाऱ्या सिग्नलमध्ये घोळ घालतो. यावर उपाय म्हणजे शेवटच्या लाइटच्या आउटमध्ये एक प्लग घालायचा, ज्यात दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर झाळलेला असतो. टर्मिनेटर म्हणतात. महाराणी रोडवर असा रेझिस्टर चिल्लरमध्ये मिळतो.

पण समितीने काय केलं? पुढच्या वर्षी नवा टचस्क्रीनचा बोर्ड आणला. वायरी त्याच. लाइट तसेच फडफडले, फक्त आता महागड्या बोर्डावरून. मी घरून रेझिस्टर झाळलेला प्लग नेला होता, तो शेवटच्या पारमध्ये खुपसला आणि फडफड तिथल्या तिथे थांबली. यावर खजिनदार म्हणाले, "नवा बोर्ड सेट व्हायला जरा वेळ लागतो."

असो. फडफड थांबली तरी संध्याकाळ होईना, कारण ती वायरीची गोष्टच नव्हती. स्वस्त एलईडी पारमध्ये पूर्ण उजेडापासून अंधारापर्यंत २५५ पायऱ्या. वरच्या पायऱ्या डोळ्याला कळत नाहीत, खालच्या दहा-पंधरा मात्र स्पष्ट दिसतात, आणि शेवटी १ वरून ० वर येताना लाइट फटकन विझतो. हॅलोजनमध्ये तार तापलेली असते. आकडा उडी मारतो, तार मारत नाही, तिला निवायला वेळ लागतो. शिवाय निवता निवता ती पिवळी, केशरी, मग तांबूस होत जाते. संध्याकाळचा रंग फुकट मिळतो, लाइटपुढे लावायचा रंगीत जिलेटिन कागदही लागत नाही. मी आजीवर दोन जुने हॅलोजन साध्या हातडिमरवर टांगले आणि बाकी एलईडी ठेवले.

बोर्डाचं फार कौतुक असलेल्यांनी नाटकांची प्रकाशयोजना करणारे तापस सेन यांच्याबद्दल जरूर वाचावं. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढत असल्याचं नुसत्या उजेडातून दाखवलं होतं. तेव्हा डीएमएक्स जन्मालाही आलं नव्हतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हजार वॅटचा एक पार २३० व्होल्टवर चार अँपियरच्या वर खातो. असे बारा लावलेत तर ५२ अँपियर होतात, कॉलनीच्या हॉलचं सिंगल फेज कनेक्शन तिथेच मान टाकेल. म्हणून एलईडी घ्या आणि चेहऱ्यांसाठी दोन-तीनच हॅलोजन ठेवा. एलईडी पारच्या मागे साउंड मोड असतो तो आधी बंद करा, नाहीतर आजी खोकली की लाइट रंग बदलतो. वायर एका लाइटमधून दुसऱ्यात अशीच न्यायची, मध्येच फाटे फोडायचे नाहीत. एका ओळीत ३२ च्या पुढे गेलात तर सिग्नल वेगवेगळ्या ओळींत वाटून देणारा स्प्लिटर लागतो, पण तुमचे तेवढे नसणारच.

हे आधी सांगायला हवं होतं: एलईडी पारची मेन वायर डिमरच्या आउटपुटवर कधीही लावू नका. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेतला तुकडा कापून वीज देतो. तारेला ते चालतं, एलईडीच्या आतल्या सप्लायला नाही, तो जळू शकतो. अर्थिंग तपासायला वायरमनच बोलवा. वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन हवी, खाली पोरं बसलेली असतात. आणि सगळेच एलईडी वाईट नसतात. थिएटरसाठी बनवलेल्या महाग लाइटमध्ये एका रंगाला दोन चॅनेल मिळून ६५ हजारांवर पायऱ्या असतात, ते सुरेख मावळतात. पण साउंडवर फुकट मिळतात ते हे नव्हेत.

बोर्डाचं म्हणाल तर आठ-दहा लाइटांना भाड्याचा साधा फेडरवाला (बोटाने वर-खाली सरकवायच्या दांड्यांचा) पुरतो. हळू जाणारा उजेड स्क्रीनपेक्षा बोटाखाली जास्त चांगला जातो. वाचलेल्या पैशात खरी डीएमएक्स वायर घ्या, आणि ती कुणाच्या सांगण्यावरून घेतली हे मीटिंगच्या वहीत लिहून खजिनदारांची सही घेऊन ठेवा.