पुण्याहून मुरूडला जाताना रेवदंड्यात थांबण्याजोगे काही आहे का?

मुरूडला जाताना रेवदंड्यात थांबावे की सरळ पुढे जावे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात राहतो, कोकणातील जुनी बंदरे पाहण्याची मला मनापासून आवड आहे आणि माझे स्पष्ट मत असे की, अलिबागपासून सुमारे १७ किलोमीटरवरील या गावाला निदान अर्धा दिवस द्यावा.

अलिबागहून येणारा रस्ता किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो आणि पुढची घरे, नारळी-पोफळीच्या वाड्या, मंदिरे हे सारे तटाच्या आतच वसलेले आहे. त्यामुळे आपण किल्ल्यात आहोत हे अनेकांच्या ध्यानीही येत नाही. आगरकोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच किल्ल्यात पोर्तुगीजांचे चौल शहर नांदत होते. शेजारचे चौल त्याहून कितीतरी जुने. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथे उतरला आणि घोडा घेऊन आपल्या जुन्नरला गेला, पावसाळाभर तेथेच राहिला. कोकणातल्या बंदराचा घाटावरच्या बाजारपेठांशी किती सलग व्यवहार होता, हे या एका प्रवासावरून कळते. रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे.

१५०८मध्ये इजिप्त आणि गुजरात यांच्या आरमारांशी येथील खाडीत झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने १५२१मध्ये पोर्तुगीजांनी येथे कोट बांधावयास घेतला. त्याच निजामशाहीने १५७०-७१मध्ये घातलेला मोठा वेढा त्यांनी परतवला. मात्र १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांचे उत्तर कोकणातील बळ खचले आणि १७४०मध्ये हे ठाणे मराठ्यांकडे आले.

पाहताना घाई करू नये. दरवाजावर कोरलेले पोर्तुगीज राजचिन्ह मान वर करून नीट पाहावे. सातखणी मनोरा हा फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथाच्या मठातील चर्चचा घंटामनोरा. त्याचे वरचे मजले ढासळले असले तरी तो आजही माडांच्या वर डोके काढून उभा आहे. ओहोटीची वेळ साधली, तर समुद्राच्या अंगाने तटाच्या पायथ्याशी वाळूतून चालता येते आणि मला तरी किल्ल्याची खरी भव्यता तिथूनच जाणवते. केवळ पुळणीसाठी यायचे असेल, तर पुढे मुरूडच्या वाटेवरील काशीदचा किनारा अधिक रम्य आहे, हेही मोकळेपणाने सांगतो. गावात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील ज्यू समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) देखील आहे.

कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लई येते. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अजून घरोघरी बोलली जाते. कोर्लईच्या गडावर चढण्यासाठी दुपारचे ऊन टाळावे. रेवदंड्यात मात्र बरेच अवशेष लोकांच्या खासगी वाड्यांमध्ये आहेत, तेव्हा घरच्या माणसांना विचारूनच आत पाऊल टाकावे.