वाचक विचारतात : कार्यशाळा झाली, आता लिहायचे काय?

महाविद्यालयीन शिबिरांतून खेड्यात घेतल्या जाणाऱ्या हस्तकला-कार्यशाळांविषयी या हिवाळ्यात बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने डिसेंबरमध्ये कुही तालुक्यातील एका गावात बांबूकामाची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. गावातच बुरूडकाम करणाऱ्या एका मावशींनी शिकवले. पहिल्या दिवशी समाजमंदिर बायकांनी भरून गेले होते. दुसऱ्या दिवशी मात्र शाळकरी मुले आणि काही म्हाताऱ्या बायका एवढेच लोक आले. परतल्यावर प्रत्येकाला अनुभवलेख लिहायचा होता. सरांनी सगळ्यांचे लेख परत केले आणि 'नावे झाकली तर कोणता लेख कोणाचा, हे तुम्हांलाही ओळखता येणार नाही' असे सांगितले. आम्ही मनापासून लिहिले होते, मग चुकले कोठे? आणि दुसऱ्या दिवशी लोक आले नाहीत, हे लिहावे की न लिहावे?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेले तिन्ही लेख वाचले. 'ग्रामीण जीवनाचे जवळून दर्शन घडले', 'खूप काही शिकायला मिळाले' आणि 'हा अनुभव कायम स्मरणात राहील' ही वाक्ये तिन्हींत थोड्याफार फरकाने आली आहेत. ती खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. पण गावात पाऊल न टाकताही ती लिहिता आली असती, आणि तुमच्या सरांची तक्रार नेमकी हीच असावी.

मात्र तुमच्या एका मैत्रिणीच्या लेखात, सत्कार आणि आभारप्रदर्शन यांच्या मध्ये, एक ओळ सापडली : 'माझ्या टोपलीची वीण बसेना, तेव्हा मावशींनी एक कामटी चिरून तिच्या दोन केल्या आणि मग ती बसली.' एवढे लिहून ती पुढे निघून गेली आहे. माझ्या मते तिचा सगळा लेख त्या ओळीत होता. टोपलीचा तळ विणून झाला की कामट्यांची, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या काड्यांची, टोके वर वळवतात आणि मग एकच लांब, पातळ पट्टी या उभ्या कामट्यांमधून, एकीच्या पुढून आणि दुसरीच्या मागून, अशी गोल फिरवत नेतात. उभ्या कामट्या सम असतील, तर एक फेरा पूर्ण करून पट्टी पुन्हा पहिल्या कामटीशी येते तेव्हा मागच्या खेपेला जिच्या पुढून गेली होती तिच्या पुन्हा पुढूनच जाते. फेऱ्यावर नुसता फेरा चढत राहतो, एकाने दुसऱ्याला धरून ठेवणे होत नाही आणि वीण सैल पडते. कामट्या विषम असल्या की प्रत्येक फेऱ्यात पुढची बाजू मागे आणि मागची पुढे अशी आपोआप पालटत जाते. मावशींनी कामटी चिरली ती एवढ्यासाठी. त्यांनी ते तोंडाने सांगितले नाही, हाताने करून दाखवले. तुमच्या मैत्रिणीने 'असे का केले?' एवढे विचारले असते, तर तिच्या लेखाला विषय मिळाला असता आणि सम-विषम संख्यांचा एक उपयोगही तिला आयुष्यभरासाठी कळला असता.

नागपूरहून वर्धा दूर नाही. तेथे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची जी योजना मांडली, तिचा आग्रह मुलांनी टोपल्या किंवा सूत करावे एवढाच नव्हता. प्रत्येक क्रिया का करायची, हे करणाऱ्याला कळत गेले पाहिजे, हा होता. शिबिरातल्या कार्यशाळेला त्या परंपरेशी नाते सांगायचे असेल, तर अनुभवलेखात 'काय केले' याच्या जोडीला 'का केले' हे यायला हवे. बांबू आदल्या संध्याकाळीच का आणायला सांगितला, सोललेल्या पट्ट्यांवर ओले गोणपाट का टाकले, सालीकडची पट्टी कडेला आणि गराकडची मधल्या विणीला का वापरली, यातले काही तुम्ही पाहिले असणारच. नागपूरकडच्या कोरड्या हिवाळी हवेत उघड्या पडलेल्या पातळ पट्ट्या लवकर वाळतात आणि वाकवताना तडकतात. सालीकडचा भाग चिवट असतो म्हणून ताण येतो तेथे तो लावतात. हे लिहिण्यासाठी भाषा फार चांगली लागत नाही, डोळे उघडे लागतात.

आता दुसऱ्या दिवसाविषयी. ते अवश्य लिहा. किंबहुना तेथूनच लेख सुरू केला तरी चालेल. डिसेंबर हा आपल्याकडे कापूस वेचणीचा काळ असतो आणि वेचणीची मजुरी सहसा किलोवर मिळते, म्हणजे शेतात न गेलेला दिवस हा सरळ बुडालेला पैसा असतो. मौदा-कुहीकडच्या धानाच्या पट्ट्यात याच सुमारास मळणीचीही घाई असू शकते. पहिल्या दिवशी बायका आल्या त्या बहुधा सरपंचांच्या शब्दाला मान देऊन, उद्घाटनाला. दुसऱ्या दिवशी त्या कामाला गेल्या. याला 'लोकांचा अल्प प्रतिसाद' म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रश्न असा विचारायला हवा की तारखा कोणी ठरवल्या. विशेष शिबिर सात दिवसांचे असते आणि ते परीक्षांच्या मधल्या फटीत बसवावे लागते, हे मला मान्य आहे. पण शिबिर दिवसा आणि कार्यशाळा रात्रीच्या जेवणानंतर, असे करायला कोणाची हरकत होती? किंवा शिबिरात नुसती ओळख करून घेऊन, वेचणी आटोपल्यावर फेब्रुवारीत दोन रविवार पुन्हा जाता आले असते. गाव उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेचे असेल, तर मात्र फार लांबवू नये, कारण मार्चपासून मोहफुले आणि त्यानंतर तेंदूपत्ता सुरू होतो, आणि तेव्हा भल्या पहाटे घरे रिकामी होतात.

लेख पुन्हा लिहिताना 'आम्ही ठरवले' या शब्दांशी थांबा आणि त्या 'आम्ही'मध्ये मावशी होत्या का, गावातली एखादी बाई होती का, हे स्वतःला विचारा. शिवाय खर्चाच्या वहीतले दोन आकडे एकाखाली एक मांडून पाहा : फ्लेक्स, शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ यांवर गेलेली रक्कम, आणि मावशींना दोन दिवसांचे दिलेले मानधन. (फलक कार्यशाळेपेक्षा मोठा असावा, अशी आपल्याकडे आता रीतच पडली आहे.) ते आकडे लेखात द्यावेत की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, पण ते पाहिल्याशिवाय लेख लिहू नये असे मला वाटते.

प्रश्न : आमच्या गावात मागच्या वर्षी नागपूरच्या एका महाविद्यालयाची मुले आली होती. त्यांनी शहरातून प्रशिक्षक आणला आणि बांबूचे पेनस्टँड व राख्या शिकवल्या. माझे वडील आयुष्यभर सुपे, टोपल्या आणि दुरड्या करत आले. ते मागच्या रांगेत बसून पाहत होते. शेवटी त्यांना शाल दिली, फोटो काढले आणि मुले निघून गेली. वडिलांना काही वाटले नाही, राग मला आला. मी उगाच मनाला लावून घेतो आहे का?
— एक वाचक, उमरेड तालुका

उत्तर : नाही, आपला राग रास्त आहे, फक्त तो नेमका कशावर असावा, हे पाहू या. पेनस्टँड शिकवण्यात मला चूक दिसत नाही. धान्य पाखडण्यासाठी प्लॅस्टिकचे सूप आणि ओझ्यासाठी प्लॅस्टिकचे घमेले आल्यापासून बुरूडकामाचे गिऱ्हाईक लग्नसराई आणि सणवार यांपुरते आक्रसले आहे, आणि आपल्या वडिलांना हे आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असेल. नव्या गिऱ्हाइकासाठी नवा घाट लागतो आणि तो कोणी बाहेरून आणून दिला तर बिघडत नाही. बिघडले ते बसण्याच्या जागेत. ज्याचा हात बांबूवर बसलेला आहे तो मागच्या रांगेत, आणि ज्यांनी कोयता प्रथमच हातात धरला ते पुढे, अशी मांडणी झाली की नवा घाट गावात रुजत नाही. प्रशिक्षकाने आपल्या वडिलांसमोर नमुना ठेवून 'हा तुम्ही कसा कराल?' असे विचारले असते, तर गोंद, पॉलिश आणि यंत्रावर कापलेल्या पट्ट्या यांच्याशिवाय तो कसा करायचा, हे त्यांनीच काढून दाखवले असते. अशा कार्यशाळांची एक कसोटी मी नेहमी लावतो : शिकवणारे परत गेल्यावर लागणारे साहित्य आणि हत्यार गावात किंवा आठवडी बाजारात मिळते का? मिळत नसेल, तर ती कार्यशाळा पाहुण्यांसाठी झाली, गावासाठी नाही.

मानधनाचाही मुद्दा आहे. केंद्र सरकारची १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आपल्या वडिलांसाठी लागू पडू शकते. तीत १८ पारंपरिक व्यवसाय असून टोपल्या, चटया व झाडू करणाऱ्यांचा त्यांत समावेश आहे. पात्र ठरलेल्या कारागिराला प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे. एका कुटुंबातून एकालाच लाभ घेता येतो आणि नोंदणी सामायिक सुविधा केंद्रातून होते, तेव्हा आधार कार्ड व बँकेचे पासबुक घेऊन तेथे चौकशी करावी. जी कार्यशाळा घेणार आहेत त्या विद्यार्थ्यांनीही हा ५०० चा आकडा लक्षात ठेवावा : शिकायला बसलेल्या कारागिराचा रोज बुडतो हे सरकार मान्य करते, मग शिकवायला बोलावलेल्या कारागिराची बोळवण शालीवर कशी करता येईल?

फोटोंचे म्हणाल, तर ते आपण हक्काने मागवा. ज्याचा फोटो काढला त्याला विचारणे आणि एक प्रत पोहोचवणे हे शिष्टाचाराचे किमान आहे, आणि वडिलांच्या हातातल्या वस्तूंचे चांगले फोटो पुढे विक्रीसाठी त्यांनाच उपयोगी पडतील.

प्रश्न : नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग यांना आता श्रेयांक आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या अनुभवलेखांना गुण द्यावे लागतात. प्रामाणिकपणाला गुण कसे द्यावेत?
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : प्रामाणिकपणाला देऊच नयेत, बाई. आपल्या चुकीच्या कबुलीलाही गुण मिळतात हे मुलांना एकदा कळले, की पुढच्या वर्षी ती कबुलीही पाठ होऊन येते. निरीक्षणाला गुण द्या, कारण ते तपासता येते : वस्तूचे नाव, क्रियेचा क्रम, कोण काय म्हणाले, ठरलेले काय आणि घडले काय. लेख दोन भागांत लिहून घ्यावा असे मी सुचवीन. एक शिबिरातच, त्याच रात्री, वहीच्या पानावर आणि दुसरा काही आठवड्यांनी, गावाशी पुन्हा बोलणे झाल्यावर. पहिल्या लेखात 'महिलांना स्वयंरोजगार मिळाला' असे वाक्य असेल, तर दुसऱ्यात त्या महिलांनी त्यानंतर एक तरी टोपली केली का, याचे उत्तर यावे लागेल, आणि त्या धाकाने पहिले वाक्यही जरा जपून लिहिले जाईल.

प्रश्न : आमच्या कार्यशाळेत केलेल्या टोपल्या आम्ही प्रदर्शनासाठी महाविद्यालयात आणल्या. आता त्यांतून पिठासारखी पिवळसर भुकटी पडते आहे. बांबू निकृष्ट निघाला का? आणि पुढच्या वेळी बांबू विकत घ्यायला वन विभागाची परवानगी लागेल का?
— विद्यार्थी गट, रामटेक

उत्तर : भुकटी आहे म्हणजे आत बांबू पोखरणारे भुंगेरे आहेत. बांबूतल्या पिष्टासाठी (स्टार्चसाठी) ते येतात, त्यामुळे कोवळा किंवा घाईने तोडलेला आणि काही प्रक्रिया न केलेला बांबू त्यांच्या तावडीत लवकर सापडतो. बांबू साधारण तीन वर्षांचा झालेला असावा आणि पावसाळ्यात, नवे कोंब फुटत असताना, तोडलेला नसावा. काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्याने पिष्ट बरेचसे निघून जाते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवणे अधिक खात्रीचे आहे, पण खाण्याच्या वस्तू ठेवायच्या टोपल्यांना ते लावू नये. आपल्या भागात मानवेल आणि कटांग हे दोन्ही बांबू मिळतात. विणकामासाठी कोणता घ्यावा, हे शिकवणाऱ्या कारागिरालाच विचारावे आणि खरेदीलाही त्यालाच सोबत न्यावे.

परवानगीविषयी थोडक्यात : भारतीय वन अधिनियमातील 'वृक्ष' या संज्ञेतून बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वगळला गेला, त्यामुळे शेतात किंवा खासगी जागेत लावलेल्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी झाली आहे. जंगलातला बांबू मात्र आजही नियमांखालीच येतो. तो स्वतः तोडू नये. शेतकऱ्याकडून घेतलात तर साधी पावती घेऊन ठेवा. भुकटी पडणाऱ्या टोपल्या मात्र आजच्या आज वेगळ्या करा आणि प्रदर्शनाच्या कपाटात दुसऱ्या बांबूवस्तूंशेजारी ठेवू नका, कारण भुंगेरे त्यांतही शिरतील.