स्कोप शिकू की रिसर्च करू?

प्रश्न: सर, मी नागपूरच्या मेडिकलमधून एमडी पेडियाट्रिक्स केलंय, आता लहान मुलांच्या पोटाच्या अन् लिव्हरच्या आजारात डीएम (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी डिग्री) करायला लखनौला चाललोय. सीनियर म्हणतात तीन वर्षांत एंडोस्कोपीवर (स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, पोटात घालून पाहण्यावर) हात बसवून घे, थीसिस काय, होऊन जातो कसाही. रिसर्चमध्ये खरंच वेळ घालवायचा का?
— एक डॉक्टर, मानेवाडा

उत्तर: आधी अभिनंदन! हात बसलाच पाहिजे, त्यात वादच नाही. दीड वर्षाच्या पोरानं बटन सेल गिळला अन् तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून भाजायला सुरुवात होते, त्या वेळी तुझा हातच कामी येणार. पण सीनियरचं दुसरं वाक्य मला अजिबात पटत नाही, अन् का ते नीट सांगतो.

बिलिअरी अट्रेशिया घे. बाळाची पित्तनलिका बंद होते, कावीळ उतरत नाही, शी पांढुरकी होते. यावरचं ऑपरेशन जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलं, म्हणजे इलाज कधीचा आहे, पण बाळ ६० दिवसांच्या आत पोचलं तर निकाल चांगले, उशीर झाला की लिव्हर खराब होत जातं. अन् आपल्याकडे काय होतं, "कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल कावीळ" असं आजीही सांगते, शेजारीणही सांगते अन् कधीकधी डॉक्टरही सांगतो, आणि बाळ तिसऱ्या महिन्यात येतं. तैवानमध्ये त्यांनी शीच्या रंगांचं एक कार्ड बनवलं, आईनं घरी रंग जुळवून पाहायचा अन् फिका दिसला की कळवायचं, आधी थोड्या भागात करून पाहिलं, आकडे मांडले, मग २००४ पासून देशभर सुरू केलं. त्यानंतर वेळेत ऑपरेशन होणारी बाळं वाढली. आता बघ, यात कुठली महागडी मशीन होती? बाळं उशिरा का येतात एवढा एक प्रश्न होता, आणि तो कुणीतरी शेवटपर्यंत नेला. मी ज्याला रिसर्च म्हणतो तो हाच.

आपल्या विदर्भात तर असे प्रश्न ओपीडीत रांगेत उभे असतात रे. सिकलसेल या रक्ताच्या आजारातल्या मुलांना पित्ताशयात खडे होतात, कारण लाल पेशी सतत फुटत राहतात, मग आपल्या भागातल्या मुलांची सोनोग्राफी कितव्या वर्षापासून करायची? गोंदिया-गडचिरोलीहून आलेल्या काविळीच्या बाळाचे दिवस नेमके कुठे गेले, घरी, गावच्या दवाखान्यात की रिपोर्टची वाट पाहण्यात? १४ दिवसांनंतरही कावीळ राहिली तर डायरेक्ट बिलिरुबिन ही रक्ताची टेस्ट (पित्त अडलंय का ते सुचवणारी) करायलाच पाहिजे, ते पहिल्यांदा कुणी आणि कितव्या दिवशी केलं? यातला एक प्रश्न धर, एकच. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, घरोघरच्या नोंदी नीट ठेवल्या, अन् ते काम १९९९ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या मेडिकल जर्नलमध्ये आलं. चांगल्या रिसर्चसाठी मोठ्याच शहरात बसावं लागतं असं काही नाही.

करायचं कसं, तर पहिल्या सहा महिन्यांत प्रश्न ठरव आणि स्टॅटिस्टिक्सवाल्याकडे सुरुवातीलाच जा, किती पेशंट लागतील हे डेटा जमल्यावर विचारून काही होत नाही. एथिक्स कमिटीची (रिसर्चमध्ये पेशंटचं हित जपलं जातंय ना ते पाहणाऱ्या कमिटीची) परवानगी हातात आल्याशिवाय एकही पेशंट घ्यायचा नाही, आणि औषधाची ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी रजिस्टरवर) नोंदणी. गाइड असा शोध जो तुझा ड्राफ्ट लाल करून परत देईल, नुसतं मोठं नाव पाहून जाऊ नको.

आणि शिकवणं. ज्युनियरला केस समजावताना स्वतःचं किती कच्चं आहे ते कळतं, म्हणून जर्नल क्लब (नवे रिसर्च पेपर एकत्र वाचून चर्चा करायची बैठक) टाळू नको. आईबापांना समजावणं तर मी त्याहून वर धरतो. सीलिअ‍ॅक या, गव्हानं आतडं बिघडतं अशा आजाराच्या मुलीच्या आईला "गहू बंद" एवढंच सांगून उठलास तर ती पोळी बंद करेल, पण रवा, मैदा, शेवया चालूच राहतील, आणि फोडणीतल्या हिंगाचं तर तिच्या मनातही येणार नाही, बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. ज्वारीची भाकर, भात, तांदळाचे पापड बिनधास्त चालतात हेही सांग, नाहीतर ती माउली घाबरून पोरीला उपाशी ठेवते.

प्रश्न: अमेरिकेत फेलोशिप केली तर रिसर्च जास्त करावा लागतो का?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर: हो. तिथे पेडियाट्रिक्सच्या रेसिडेन्सीनंतर (आपल्या एमडीसारखं शिक्षण) फेलोशिपची तीन वर्षं, आणि त्यातला निदान एक वर्षाएवढा वेळ रिसर्चसारख्या अभ्यासाच्या कामाला ठेवलेला असतो. प्रत्येक फेलोच्या कामावर एक कमिटी लक्ष ठेवते आणि तिच्यात निदान एक जण दुसऱ्या विषयाचा असतो. ही पद्धत मला फार आवडते, बाहेरचा माणूस साधे प्रश्न विचारतो अन् तिथेच कच्चं काम उघडं पडतं.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीची सीलिअ‍ॅकसाठी एंडोस्कोपी आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमनी अभ्यासासाठी म्हणून एक फॉर्म सही करायला दिला. माझ्या लेकरावर प्रयोग तर करणार नाहीत ना? भीती वाटते.
— एक आई, नंदनवन

उत्तर: ताई, भीती वाटणं अगदी बरोबर आहे अन् तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलं. सही करायची की नाही हे तुमच्या हातात आहे. नाही म्हटलं तरी मुलीच्या इलाजात काही कमी करता येत नाही, आणि आज हो म्हणून उद्या मन बदललं तरी बाहेर पडता येतं. त्या मॅडमना शांतपणे विचारा की तपासणीसाठी आतड्याचे बारीक तुकडे घेणारच आहात, मग अभ्यासासाठी वेगळे जास्तीचे घेणार का? रक्त किती जास्त घेणार? माझ्या मुलीचं नाव कुठे येणार का? फक्त अभ्यासासाठी केलेल्या टेस्टचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात, तेही स्पष्ट विचारून घ्या. फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि सात वर्षांच्या वरच्या मुलाला त्याला समजेल असं सांगून त्याचंही हो-नाही विचारायचं असतं, तेव्हा तुमच्या लेकीला बाजूला बसवून बोलणी होत असतील तर तिला जवळ बोलवा. ती नको म्हणाली तर तेही ऐकलं जायला पाहिजे.

सगळी उत्तरं नीट मिळाली तर मी हो म्हणा असं सांगेन, आज आपण ज्या टेस्ट करतो त्या कुणाच्या तरी आईबापांनी असंच हो म्हटल्यामुळे आल्यात. सही केलीत तर फॉर्मची एक कॉपी घरी ठेवा, तिच्यावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, काही खटकलं तर सरळ तिथे लावा.